नाक दाबल्याशिवाय

ताई रोज सकाळी कामावर निघताना दारात थांबते, मान माझ्याकडे वाकवते आणि म्हणते, "बघ गं." मी तिच्या मानेपाशी नाक नेते. घाम नाही, कपड्यांना कुबट वास नाही, केसांत स्वयंपाकघर अडकलेलं नाही, एवढी खात्री करून सांगते, "जा." तेव्हा कुठे ती पायरी उतरते. मोठ्या बहिणीने धाकटीला असं विचारायचं, याची तिला आधी फार लाज वाटायची. आता वाटत नाही. मला वाटते.

कारण ही तीच ताई, जी साबणाच्या कारखान्यात सुगंध जुळवायची. कागदाची पट्टी नाकासमोरून हलवून सांगायची, "लिंबू जास्त झालंय, आणि खाली काहीतरी जळकं लपून बसलंय, शोधा." शोधलं की सापडायचं. कारखान्यात तिला 'नाकवाल्या बाई' म्हणत, आणि त्यात टिंगल कमी, दरारा जास्त. तिने मान हलवल्याशिवाय माल बाहेर पडत नसे. आज त्याच कारखान्यात ती खोक्यांना पट्ट्या चिकटवते.

प्रोफेसरांचा कार्यक्रम ती भक्तिभावाने ऐकायची. रसायनशास्त्र घरोघरी पोचवणारा पॉडकास्ट होता तो. आधी फोनवर, मग रेडिओवर, मग मोठमोठ्या हॉलमध्येही व्हायला लागला. माणूस खरोखर शिकलेला होता, वर्षानुवर्षं कॉलेजात शिकवत आलेला, आणि आवाज मधात बुडवून काढलेला. त्यांची एक लकब होती. वाक्य अर्धंच म्हणायचे, उरलेलं लोकांनी पुरं करायचं. ते विचारायचे, "मीठ म्हणजे काय?" आणि समोरचे सगळे एका सुरात, "दोन विषांचं लग्न!" पोरं शाळेत म्हणायची, बायका स्वयंपाकघरात म्हणायच्या. जोडी, लग्न, मैत्री, भांडण, सगळं रसायनशास्त्र ते असंच सांगायचे, आणि लोकांना वाटायचं, अरे, हे तर आपल्याच घरातलं आहे.

एका भागात कुणीतरी विचारलं, बाथरूमच्या फरशीचे डाग ब्लीचने जात नाहीत, काय करू? प्रोफेसर रंगात होते. म्हणाले, "ब्लीच एकटं दमलं, ॲसिडबरोबर रमलं!" लोक खदखदून हसले. हसू ओसरेपर्यंत ते पुढच्या प्रश्नावर गेले होते.

ताईने सुट्टीच्या दिवशी दार लावून घेतलं, फरशीवर ब्लीच ओतलं आणि वर टॉयलेटचं ॲसिड. गुणगुणत ओतलं असणार, तेच वाक्य. या दोन्हींतून क्लोरीन वायू सुटतो, हे मला माहीत होतं, कारण रसायन हेच माझं पोट. मी घरात नव्हते. शेजारीण धावली म्हणून ताई वाचली. खोकला गेला, छाती मोकळी झाली, घसा सुधारला. नाक गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, "जिवावरचं नाकावर निभावलं, नशीब समजा." ताई हसली. तिला कुणाचंही मन मोडवत नाही, विनोद करणाऱ्याचं तर नाहीच.

आम्ही ताईच्या नावाने कार्यक्रमाला लिहिलं. उत्तर आलं, 'तुमच्या प्रेमाबद्दल मनापासून आभार! ऐकत राहा!' पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच प्रेम, तेच आभार. मग एकदा ताईने तो भाग परत लावला, तर ते वाक्य नव्हतं. प्रश्न गेला, उत्तर गेलं, हशासुद्धा गेला. मागचं-पुढचं असं बेमालूम शिवलं होतं की टाका दिसत नव्हता.

"म्हणजे त्यांनी आपलं वाचलं," ताई म्हणाली. तिला बरं वाटलं होतं.

मला मात्र नाही. चूक माणसाच्या हातून होते. पण यांनी वाचलं, समजून घेतलं, कात्री उचलली, आणि एक शब्द बोलले नाहीत. लोकांच्या डोक्यात ते वाक्य तसंच राहिलं. पुसलं कुठून, तर जिथे ते त्यांच्यावर शेकलं असतं तेवढ्याच जागेवरून.

मी काही नेम पाळते, त्याविषयी बोलायची मला सवय नाही. एवढंच सांगते की त्या दिवशी आणखी एक धरला. हा माणूस स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्याच माइकसमोर खरं सांगत नाही, तोवर मी सुगंध घ्यायचा नाही. साबण बिनवासाचा, तेल बिनवासाचं. देवापुढची फुलं बंद, तिथे नुसतं पाणी. देवाने तक्रार केली नाही. सूडासाठी नेम धरू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या बहिणीचं नाक शाबूत असणार.

पुढचं देवानेच जुळवलं असं मी मानते. कार्यक्रमाला तपासनीस हवा असल्याची जाहिरात आली. आमच्यासारख्या दोन-चार तक्रारी आल्या असणार, त्यामुळे आपण किती काळजी घेतो ते दाखवायची त्यांना गरज पडली होती. म्हणजे ती जागा ताईच्या नाकावरच उभी होती. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते, ती सांभाळून अर्ज केला.

प्रोफेसर म्हणाले, "तुम्ही फार हळू बोलता हो."

"हो सर."

"चालेल, चालेल. तुम्हाला बोलायचं कुठे आहे!"

त्यांनी माझं नाव 'चाळणी' ठेवलं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला अभिमानाने सांगायचे, "आमच्याकडे चाळणीतून गेल्याशिवाय एक वाक्य बाहेर पडत नाही!" करारातही तसं घालून घेतलं होतं, मी पास केल्याशिवाय भाग जाणार नाही. आणि प्रत्येक विषय संपला की ते माझ्याकडे वळून विचारायचे, "चाळणी, अडकलं काही?" मी म्हणायची, "काही नाही." लगेच सगळे, "मग गाळून घ्या!" एवढंच माझं काम. पहिल्या दिवशी त्यांनी ते दोन शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले होते. "आवाज कमी पडतोय. पुन्हा. जरा आनंदाने. पुन्हा. अहो, घरात कुणी गेलंय का? पुन्हा." काचेपलीकडे एडिटर मान खाली घालून बसला होता. गळ्यात हेडफोन अडकवूनच जन्मलेला, कोरड्या जिभेचा माणूस. मला दाराशी गाठून म्हणाला, "बाई, मनाला लावून घेऊ नका. ते स्वतःच्या आईलाही 'जरा आनंदाने' म्हणतील."

मी मनाला लावून घेतलं नाही. मी ते जपून ठेवलं.

पुढचे सगळे महिने मी त्यांच्या चुका निमूटपणे दुरुस्त केल्या, एकही खोटं वाक्य बाहेर जाऊ दिलं नाही. तेवढं पाप मला नको होतं. आणि दुरुस्त करता करता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कार्यक्रम कानांचा असल्यामुळे दिसणं, चव, वास, सगळं त्यांना शब्दांत सांगावं लागायचं. त्यात ते इतके पटाईत झाले होते की आता मूळ वस्तूची त्यांना गरज उरली नव्हती. मी बाटलीला चिठ्ठी लावायची, 'लवंगेचं तेल, दाताच्या औषधातलं', आणि ते चिठ्ठीवरून नजर फिरवून बोलायला लागायचे. त्यात रसायनवाल्यांची एक शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. आम्ही कधीही बाटलीला नाक लावत नाही. बाटली हातभर लांब धरायची आणि तळव्याने वारा आपल्याकडे ओढायचा. चांगली सवय आहे, ताईला ती असती तर... असो. तर असा हातभर लांबून वारा ओढता ओढता यांचं तोंड आधी सुरू व्हायचं, नाक मागून यायचं. कधी कधी यायचंच नाही.

मग गंधावरचा कार्यक्रम ठरला, दुपारचा, भरलेल्या हॉलसमोर. बेत त्यांचाच. पहिल्या बाटलीत साधं पाणी ठेवायचं, लोकांना सांगायचं की उग्र वासाचं रसायन आहे, वास पोचला की हात वर करा. लोक नुसत्या सांगण्याला भुलून हात वर करतात, हा जुना गमतीचा प्रयोग आहे. मग त्यांना हसायचं. त्यानंतर चार खऱ्या बाटल्या: लवंग, संत्र्याची साल, कापलेलं गवत, जुनी पुस्तकं. त्या स्वतः प्रोफेसर हुंगणार आणि वर्णन करणार.

"बाटल्या तुम्ही भरा," ते म्हणाले. "आणि ती पाण्याची नीट ओळखून ठेवा हं, घोटाळा नको."

"घोटाळा होणार नाही, सर," मी म्हणाले. झालाही नाही. गडद तपकिरी काचेच्या पाच नव्या बाटल्या मी आणल्या, धुतल्या, वाळवल्या, आणि पाचही जणींत आमच्या प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी भरलं. चिठ्ठ्या मात्र पाच वेगवेगळ्या लावल्या, सुवाच्य अक्षरात.

त्या सकाळी ताईला म्हणाले, "आज खोक्यांना सुट्टी. माझ्याबरोबर चल. ते कुणाला तरी मंचावर बोलावतील, तेव्हा हात वर कर."

"मी? मला काय येतं आता?"

"तेच येतं."

तिने दारात येऊन चपला घातल्या. मग मान वाकवून म्हणाली, "बघ गं." मी बघितलं. "चल," म्हणाले.

हॉल गच्च भरला होता. माणसं जिन्यावर बसली होती. प्रोफेसर आले आणि नुसतं म्हणाले, "मीठ म्हणजे काय?" आणि छपराला हादरा बसेल असं उत्तर आलं. मी मंचाच्या कडेला माझ्या लहानशा टेबलाशी, माइक समोर, हात मांडीवर. एडिटर खाली त्याच्या यंत्रांपाशी.

पहिली बाटली उघडली. प्रोफेसरांनी तोंड वाकडं केलं, रुमाल नाकाशी धरला, म्हणाले, "मंडळी, उग्र आहे, जपून. पोचला की हात वर." पुढच्या रांगेतून एक हात वर आला, मग दोन, मग रानात गवत उठावं तसे हातच हात. एक बाई तर खोकायला लागल्या. प्रोफेसरांनी बाटली उचलली आणि घटाघटा पिऊन टाकली. "पाणी आहे हो!" काय हशा! "आणि काकू, तुम्हाला खोकलाही आला! तुमचं नाक आहे की कल्पनाशक्तीची खिडकी?" बिचाऱ्या बाई पदरात तोंड लपवून हसत राहिल्या. "लक्षात ठेवा," प्रोफेसर म्हणाले, "ऐकीव गोष्टीवर—"

"—नाक ठेवू नका!" हॉल.

"आता खरं काम. इथे मला एक खरं नाक हवंय. कोण येतं?"

ताईचा हात वर होता. दुसऱ्या रांगेत बसवली होती मी तिला. ती मंचावर आली, दिव्यांमुळे तिने डोळे बारीक केले. प्रोफेसरांनी लवंगेची चिठ्ठी लावलेली बाटली उघडून तिच्यासमोर धरली. "सांगा ताई, काय वास येतोय?"

"काही नाही येत."

"अहो, नीट घ्या की. लाजता काय? नवऱ्याची चिठ्ठी नाही ही!"

हशा. ताईने पुन्हा नाक नेलं. "नाही येत काही."

"सर्दी झालीय वाटतं!" त्यांनी लोकांकडे बघून डोळे मिचकावले. "मंडळी, आम्ही नाक मागवलं, आणि बघा, पार्सल रिकामं निघालं!"

हॉल हसला. जिन्यावरचे हसले, मघाच्या खोकणाऱ्या काकूही हसल्या. ताईसुद्धा हसली, सवयीने. मी मांडीवरच्या हातांकडे पाहत होते. मनात आलं, देवा, मला थोडी दया येत होती त्यांची, ती तू आत्ता काढून घेतलीस. बरं केलंस.

"ताई, उभ्या राहा बाजूला. शिका." प्रोफेसरांनी बाटली हातभर लांब धरली, तळव्याने वारा ओढला, डोळे मिटले. "अहाहा! लवंग. आधी गोड, मग तिखट, आणि मग तो बधिर करणारा शेवट. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतंय!" टाळ्या. दुसरी बाटली. "संत्रं! सालीतून उडालेला फवारा, डोळ्यांत गेला बघा!" खरंच डोळा चोळला त्यांनी. तिसरी. "गवत, नुकतं कापलेलं. हा सुवास नाही, मंडळी, ही गवताची किंकाळी आहे." चौथी बाटली हुंगून ते क्षणभर गप्प झाले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझ्या वडिलांचं कपाट." हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं.

खरं सांगते, मलाही वास आल्यासारखं झालं. असा बोलणारा माणूस.

ते माझ्याकडे वळले. "चाळणी, अडकलं काही?"

सगळा हॉल 'गाळून घ्या' म्हणायला तोंड उघडून बसला होता.

"अडकलं," मी म्हणाले.

आवाज कमी पडला असावा. "काय म्हणालात?"

"अडकलं, सर. पाचही बाटल्यांत पाणी आहे. मंचावर बरोबर एकच माणूस बोललं. त्या बाई."

मग हशाचा असा लोंढा आला की माझ्या टेबलावरचा पेला हलला. काकू उठून उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. पण प्रोफेसर काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. चेहऱ्यावरचा रंग उडाला, परत आला, आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. "वा! चाळणीने आज पिठालाच चाळलं! यालाच विज्ञान म्हणतात, मंडळी. कुणीही सुटत नाही, मीसुद्धा!" टाळ्या. निसटले होते. आणखी थोडं, आणि ते त्यांचाच विजय करून दाखवणार होते.

"सर," मी म्हणाले, "त्यांना वास का येत नाही, ते विचारा ना."

विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ताईने माइक दोन्ही हातांनी धरला. "मी बाथरूममध्ये ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओतलं. तुमच्या कार्यक्रमात ऐकून."

प्रोफेसरांचा आवाज आणखी मऊ झाला. "ताई, मला फार वाईट वाटतं ऐकून. पण तुमची काही गल्लत होतेय. असं मी कधीच म्हणालेलो नाही. सगळे भाग आहेत, कुणीही ऐकून बघावेत."

ताईला भांडता येत नाही. तिने फक्त तेच केलं जे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. लोकांकडे तोंड करून म्हणाली, "ब्लीच एकटं दमलं—"

"—ॲसिडबरोबर रमलं!"

सगळा हॉल म्हणाला. सवयीने, एका सुरात, जिन्यावरच्या माणसांसकट. आणि मग आपण काय म्हणालो ते ज्याच्या-त्याच्या कानावर पडलं. मागून एक बाप्या हळूच म्हणाला, "आयला, आमच्या घरी पण म्हणतो आम्ही हे." त्यावर कुणी हसलं नाही. मग कुठेतरी एक खुर्ची करकरली, आणि प्रोफेसर काहीतरी बोलायला गेले ते घोटभर पाणी मागून बसले. पाणी त्यांच्यासमोरच होतं, चार बाटल्या.

कार्यक्रम तिथेच आटोपला. मंचामागच्या खोलीत आम्ही चौघं उरलो. ते, मी, ताई आणि तारा गुंडाळणारा एडिटर.

"बाई," प्रोफेसर म्हणाले, "बहीण आहे ना तुमची? चेहरेपट्टी आत्ता दिसतेय मला. तुम्ही मला सांगायचंत. एकांतात."

"दोनदा लिहिलं होतं, सर. तुम्ही आमच्या प्रेमाबद्दल आभार मानलेत."

ते कपाळ धरून बसले. मग म्हणाले, आणि हे ते खरंच बोलले, "पुढचं वाक्य होतं माझ्याकडे. 'असं चुकूनही करू नका, जीव जाईल.' जिभेवर होतं. पण लोक हसायला लागले. आमच्या धंद्यात हशावर वाक्य टाकत नाहीत, वाया जातं. म्हटलं, हसू थांबलं की सांगू. थांबलं तोवर पुढचा प्रश्न आला होता."

"म्हणजे माझी ताई तुमच्या हशाखाली सापडली."

प्रोफेसर पुढे सरकून म्हणाले, "मी माफी मागतो. आत्ता, माइकवर, लाखो लोक ऐकतील. पण ते बाटल्यांचं कापा. तेवढं माझं ऐका. नाहीतर मग हा भागच नको."

एडिटर तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "भाग नाही आला तर लोक म्हणतील, पुन्हा कापलं. हॉलभर माणसं होती, सर. सगळ्यांच्या खिशात फोन."

"आधी बोला," मी म्हणाले. "कापायचं नंतर बघू."

त्यांनी माइक ओढला, डोळे मिटले आणि माफी मागितली. काय मागितली! ज्ञानाची जबाबदारी, शब्दांची धार, एका अनोळखी घरातलं बंद दार, आणि त्यामागे गुदमरणारा एक श्वास. एडिटरचा हात थांबला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुन्हा, सर," मी म्हणाले.

"का? काय चुकलं?"

"चार वाक्यं आहेत. ब्लीच आणि ॲसिड एकत्र ओतू नका, विषारी वायू होतो. मी ओता म्हणालो होतो. त्याने एका बाईचं नाक कायमचं गेलं. कळल्यावर मी तो भाग गुपचूप कापला. बाकी काही नको."

त्यांनी पहिली दोन म्हटली आणि तिसऱ्याला 'दुर्दैवाने' लावलं. "पुन्हा," मी म्हणाले. चौथ्यात 'गुपचूप' गाळलं. "पुन्हा." मग आवाजात हुंदका आणला. "साध्या आवाजात, सर. पुन्हा." मग 'मी' ऐवजी 'आम्ही' झालं. "पुन्हा." त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. कपाळावर घाम. एकदा त्यांनी मुठी आवळल्या, माझ्याकडे असं बघितलं की कुणी दुसरी असती तर उठून गेली असती. मी हात मांडीवर ठेवून बसले होते, देवघरात बसते तशीच. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, आणि मी किती हलक्या हाताने दाबत होते! खोटं कशाला बोलू, मला गोड वाटत होतं. प्रत्येक 'पुन्हा' गोड लागत होता, आणि शेवटचा होऊ नये असं वाटत होतं.

अखेर त्यांनी चारही वाक्यं म्हटली. कोरडी, रंग उडालेली, जशी होती तशी. मग माइक बाजूला सारून म्हणाले, "झालं? आता कापा ते."

"माझं काम संपलं," मी म्हणाले. "कापायचं की ठेवायचं, हे जिचं नाक गेलं तिला विचारा."

एडिटरने न बोलता हेडफोन ताईच्या कानांवर चढवले आणि सगळं लावलं. आधी बाटल्या, मग माफी. ताई ऐकत होती. 'माझ्या वडिलांचं कपाट' आलं तेव्हा फिसकन हसली. ते हसू मी त्या अपघातानंतर ऐकलं नव्हतं. डॉक्टरांसाठी, शेजाऱ्यांसाठी, हॉलसाठी ती हसायची ते वेगळं. हे तिचं स्वतःचं होतं. मग माफी आली आणि ती गंभीर झाली.

हेडफोन काढून म्हणाली, "छान बोललात. साधं. सगळ्यांना कळेल."

"आभारी आहे, ताई," प्रोफेसर म्हणाले. "मग ते बाटल्यांचं..."

"राहू द्या."

"काय?"

"नुसती माफी गेली तर लोक म्हणतील, केवढ्या मनाचा माणूस! डोक्यावर घेतील तुम्हाला. आणखी ऐकायला लागतील, आणखी विश्वास टाकतील." ती नेहमीच्याच शांत आवाजात बोलत होती, कारखान्यात 'लिंबू जास्त झालंय' म्हणायची त्या आवाजात. "आधी पाण्याचा वास ऐकू दे त्यांना. मग माफी. मग दोन्ही नीट मुरतील."

प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही देवाधर्माच्या. तुम्ही तरी..."

"मी पास केलंय, सर," मी म्हणाले. "काही अडकलं नाही."

एडिटर खाली वाकून हसत होता. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

भाग गेला. लोकांनी तो किती ऐकला ते मी विचारलं नाही. डाग काढायचं ते वाक्य लोक अजून म्हणतात, पण आता दुसरा अर्धा असा: "ब्लीच एकटं दमलं, त्याला तसंच दमू द्या!" प्रोफेसर अजून बोलतात, त्यांना न बोलून चालणार कसं. पण हॉल लहान झालेत, आणि रस्त्यात पोरं पाण्याची बाटली उघडून त्यांच्या पुढे धरतात. "सर, कसला वास येतोय?" परवा माझ्याच डोळ्यांदेखत धरली. ते मान खाली घालून पुढे गेले. मी थांबून ते पूर्ण जाईपर्यंत बघितलं. डोळे भरून बघितलं.

त्या दिवशी हॉलमधून आम्ही घरी आलो तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. मी हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला. फुलं आणायचं सुचलं नव्हतं, म्हणून पाणीच वाहिलं. ताई स्वयंपाकघरात गेली आणि संत्रं घेऊन आली. माझ्यासमोर बसून तिने साल सोलली, हळूहळू, एकसंध, आणि ती माझ्या नाकाशी धरली.

"नेम संपला ना तुझा? मला माहीत होतं, काय समजलीस? बिनवासाच्या साबणाने नाहणारी बहीण मला कळणार नाही होय? घे. आणि सांग मला, कसा आहे."

मी वास घेतला. इतक्या महिन्यांनी एकदम आत गेला आणि मला बोलताच येईना. फवारा, डोळे, कपाट, किंकाळी, सगळे शब्द प्रोफेसरांनी वापरून उष्टे केले होते.

"संत्र्यासारखा आहे," मी म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच."

ताईने साल स्वतःच्या नाकाशी नेली, थोडा वेळ तशीच धरली आणि खाली ठेवली. मग एक फोड तोंडात टाकून म्हणाली, "आणि मघाचं? तू 'पुन्हा, पुन्हा' म्हणत होतीस ते? ते कसं लागलं?"

दिव्याकडे माझी पाठ होती. तशीच राहू दिली.

"गोड," मी म्हणाले. "देवाला काय सांगायचं ते उद्या बघू."